नदीबरोबर मत बदलणारं यंत्र

घाटमाथ्यावर पावसानं जोर धरला की सांगलीत माणसं एकमेकांना एकच गोष्ट विचारतात : "आयर्विनला किती झालं?" १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, जुलै २०२१ मध्ये ५४ च्या वर. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत हे आकडे तोंडपाठ असतात. कितव्या फुटाला गल्लीत पाणी शिरतं आणि कितव्या फुटाला उंबऱ्याला लागतं, हे तिथं कुणालाही विचारावं.

पण पट्टीवरचा आकडा आत्ताचा असतो. सामान माळ्यावर चढवायचं का, म्हशी हलवायच्या का, हे ठरवायला उद्या रात्रीचा आकडा लागतो. आणि उद्या रात्री आयर्विनची पातळी ठरवणारं पाणी आत्ता एका जागी नाही. त्यातलं काही अजून ढगात आहे. काही कोयनेच्या खोऱ्यात, नवजाच्या जंगलात मातीत उतरतंय. काही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात थांबलंय, काही कराडच्या प्रीतिसंगमावरून पुढं निघालंय, काही वारणेतून पुलाच्या खालच्या हरिपूर संगमाकडे येतंय. हे विखुरलेलं पाणी सगळंच्या सगळं एकाच वेळी ध्यानात ठेवायचं, दर थोड्या वेळानं नवी बातमी आली की आपला अंदाज दुरुस्त करायचा, आणि मग पुढचं पाऊल सुचवायचं, असं काम करणाऱ्या आज्ञावलीला संगणकशास्त्रात एजंट म्हणतात. तिला भोवतालची माहिती मिळते, त्या माहितीवरून ती भोवतालाचं एक चित्र स्वतःच्या आत उभं करते, आणि भोवताल बदलला की ते चित्रही बदलते. या विषयावरची पुस्तकं चाकांवर फिरणाऱ्या यंत्रमानवांची उदाहरणं देतात. माझ्या मते मराठी वाचकासाठी याहून चांगलं उदाहरण कृष्णा खोऱ्यात आहे, आणि ते हलतं-चालतं आहे.

महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागानं जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेल्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पुराचा अंदाज देणारी आणि धरणांच्या विसर्गाबाबत सल्ला देणारी एक यंत्रणा उभी केली. २०१० नंतरच्या त्या वर्षांत डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेनं त्यासाठी मॉडेल तयार केलं. डोंगरांत, धरणांवर, पुलांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसले. त्यांचे आकडे माणसाची वाट न पाहता मध्यवर्ती संगणकाकडे जातात. हवामान खात्याचा पावसाचा अंदाजही त्यात मिसळतो. आणि संगणकाच्या आत एक दुसरी कृष्णा वाहत राहते.

त्या दुसऱ्या कृष्णेचं गणित एकदा हातानं करून पाहिलं की अंगावर काटा येतो. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला तर धरणात ३.१५ टीएमसी पाणी येतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. उलट बाजूनं पाहू. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट. असा प्रवाह चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी होतात. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यात दिवसभरात साधारण पावणेतीनशे मिलिमीटर कोसळला आणि जमीन आधीच तुडुंब असली, तर धरणात दिवसभर एक लाख क्युसेकनं पाणी येत राहील. हा आकडा कागदी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोयनेचा विसर्गच लाखाच्या पुढे गेला होता. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वर्षभरात जेमतेम तेवढा पडतो.

महाबळेश्वरचा पाऊस सगळा सांगलीला येतो असंही नाही. त्याच माथ्यावरून कृष्णा वाईकडे उतरते, वेण्णा मेढ्याकडे, कोयना दक्षिणेला, आणि सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात जाते. ढग कड्याच्या कुठल्या बाजूला रिकामा झाला यावर त्याचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळणार की अरबी समुद्राला, हे ठरतं. कोयनेचं काही पाणीही बोगद्यांतून पोफळीकडे पडून वीज देऊन कोकणात जातं, पण लाख क्युसेकच्या आवकेपुढे ती वाट अरुंद पडते.

आता त्या आतल्या चित्राकडे येऊ. त्याचा पहिला भाग मातीचा आहे. डेन्मार्कमध्ये १९७३ साली नील्सन आणि हान्सन या संशोधकांनी मांडलेलं 'नाम' नावाचं मॉडेल यासाठी वापरतात. ते जमिनीला काही साठ्यांमध्ये वाटतं : पानांवर आणि खळग्यांत अडकलेलं पाणी, मुळांच्या थरातला ओलावा, आणि खालचं भूजल. जूनमधली जमीन ही धनगराच्या कोरड्या घोंगडीसारखी असते. पहिले कितीतरी पाऊस ती पिऊन टाकते, खालून थेंब पडत नाही. जुलैअखेर तीच घोंगडी चिंब होते आणि मग वर पडलेलं बहुतेक पाणी तसंच्या तसं खाली येतं. म्हणून १२ जूनचा १५० मिलिमीटर आणि ५ ऑगस्टचा १५० मिलिमीटर हे नदीच्या हिशेबी दोन वेगळे पाऊस आहेत. एजंटला आजचा पाऊस कळून भागत नाही. गेल्या दोन महिन्यांचा पाऊस त्याच्या स्मरणात ओलाव्याच्या रूपानं शिल्लक असावा लागतो.

दुसरा भाग पात्राचा. पाणी वळणावळणांतून कसं सरकतं याची समीकरणं फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ यानं १८७१ साली मांडली. पाणी नाहीसं होत नाही आणि उतार, घर्षण, दाब यांच्या ओढाताणीतून त्याचा वेग ठरतो, एवढंच त्यांत आहे. कराडपासून पुढं बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ असं पात्राचे आडवे छेद घेत घेत संगणक ती सोडवतो. सांगलीच्या आसपास नदीला उतार फार कमी. ती नागमोडी होते, तिला पुढं जायची घाई नसते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. तीही भरलेली असली की कृष्णेचं पाणी अडतं आणि मागं चढतं. या भागात त्याला पाण्याची फूग म्हणतात. फूग आली की वरून पाणी कमी झालं तरी पातळी उतरत नाही. सांगलीकरांनी हे २०१९ मध्ये भोगलं, आणि समीकरणांमध्येही ते नेमकं तसंच दिसतं.

इथवर हे एक चांगलं मॉडेल झालं. खरी नवलाई पुढे आहे. कोणतंही मॉडेल चुकतं. चुकल्यावर ते काय करतं, यावर त्याची पात्रता ठरते.

समजा, मॉडेल म्हणतं की सकाळी सहाला आयर्विनला ४२ फूट असेल, फार तर फूटभर इकडेतिकडे. सहा वाजतात. मापक ४३ दाखवतो. पण लाटा असतात, वाहून आलेला पालापाचोळा असतो, त्यामुळे मापकाचाही अर्धा फूट इकडेतिकडे धरावा लागतो. आता खरं काय मानायचं? १९६० साली रुडॉल्फ काल्मन या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी गणितज्ञानं याचं उत्तर दिलं, आणि पुढे चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांनी ते वापरलं. ज्याची अनिश्चितता कमी, त्याला वजन जास्त, आणि वजन अनिश्चिततेच्या वर्गाच्या हिशेबानं. आपल्या उदाहरणात मापकाला चार वाटे, मॉडेलला एक वाटा. उत्तर येतं ४२.८ फूट. याहून सुंदर गोष्ट म्हणजे या नव्या उत्तराची अनिश्चितता ०.४५ फूट निघते. मॉडेलच्या एक फुटापेक्षा कमी, आणि मापकाच्या अर्ध्या फुटापेक्षाही कमी! दोन अर्धवट साक्षीदारांची जबानी नीट जुळवली तर दोघांहूनही भरवशाची साक्ष हाती येते. हे गणित मी किती वेळा केलं तरी मला त्याचं अप्रूप वाटायचं थांबत नाही.

आणि दुरुस्ती तिथंच संपत नाही. आयर्विनला अपेक्षेपेक्षा पाणी जास्त आलं, तर चूक नेमकी कुठं झाली? वारणेच्या वरच्या अंगाला, चांदोलीच्या जंगलात वाटला त्यापेक्षा जास्त पाऊस होऊन तिची फूग चढली का? येरळा नदीकडून काही आलं का? नॉर्वेच्या गेर एव्हेन्सेन यानं १९९४ मध्ये यासाठी एक युक्ती सुचवली. एकच कृष्णा न चालवता संगणकात एकाच वेळी अनेक कृष्णा चालवायच्या. प्रत्येकीत थोडं वेगळं गृहीत : एकीत वारणेच्या खोऱ्यातली माती अधिक ओली, दुसरीत कोयनेच्या खालचा पाऊस जास्त, तिसरीत पात्राचं घर्षण कमी. आता पट्टीवर ४३ आलं की कुठल्या कृष्णांनी ते बरोबर ओळखलं होतं हे पाहायचं. ज्या कृष्णांमध्ये वारणेची माती ओली धरली होती त्याच खऱ्या ठरत असतील, तर एजंट वारणेच्या मातीविषयी आपलं मत बदलतो. जिथं एकही मापक नाही, जिथं पावसाळ्यात माणूस पोचत नाही, तिथल्या मातीतला ओलावा त्याला आयर्विनच्या एका आकड्यावरून उमगतो.

इथं एक अवघड वळण येतं. भोवताल दोन प्रकारे बदलतो. एक, पाणी वाढलं किंवा घटलं; म्हणजे परिस्थिती बदलली. दोन, पाणी ज्या नियमांनी वागतं ते नियमच बदलले. आयर्विनला आपण फूट मोजतो, क्युसेक नाही. अमुक फुटाला अमुक क्युसेक, हा तक्ता अनेक वर्षं प्रवाहाचा वेग प्रत्यक्ष मोजून बनवलेला असतो. पण मोठा पूर येतो तेव्हा तळ खरवडून निघतो किंवा गाळानं भरतो, काठ ढासळतात, मळीवर उभा ऊस पाण्याला अडवतो, नवा पूल उभा राहतो, कुठं भराव पडतो. पुरापूर्वीचे ४५ फूट आणि पुरानंतरचे ४५ फूट यांतून जाणारं पाणी मग सारखं राहत नाही. ज्या तक्त्यानं पूर मोजायचा तो तक्ता पुरानंच बिघडवलेला असतो.

एजंटला हे कळतं ते आपल्याच चुकांचा ठसा पाहून. अंदाज कधी वर, कधी खाली चुकत असेल तर तो नुसता गोंधळ आहे, सोडून द्यावा. पण चुका सलग एकाच बाजूला पडू लागल्या, आणि त्याही एकाच पुलापाशी, तर तिथला नियम हलला असं मानून तक्ता बदलायला घ्यावा. मात्र इथं उतावीळपणा महागात पडतो. एखाद्या पर्जन्यमापकाच्या तोंडात पान अडकलं तर तो धो धो पावसात शून्य सांगतो. शेजारचे चार मापक २०० सांगत असताना त्या शून्यावर विश्वास ठेवणारा एजंट बुडवेल. आणि खऱ्याखुऱ्या अनपेक्षित आकड्याला बिघाड समजून फेकून देणाराही बुडवेलच. ५९४ मिलिमीटर हा आकडाही पहिल्या नजरेला यंत्र बिघडल्यासारखाच दिसला असता. कुठं हट्ट धरायचा आणि कुठं मत सोडायचं, याचं एकच पक्कं सूत्र नाही. या शास्त्रातली सर्वांत कसदार डोकी आज याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

कळल्यावर करायचं काय, हा पुढचा प्रश्न. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. ऑगस्टमध्ये धरणात १०० टीएमसी आहे असं धरा. उरली जागा ५.२५ टीएमसी. मघाचा लाख क्युसेकचा पाऊस आला तर ती पंधरा तासांच्या आत संपते. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडण्यावाचून गत्यंतर नाही. याउलट दोन दिवस आधी ५० हजार क्युसेकनं सोडायला सुरुवात केली असती तर ८.६४ टीएमसीची जागा झाली असती आणि तो पूर्ण दिवस धरणानं पोटात घेतला असता. मग आधीच का सोडत नाहीत? कारण ते ५० हजार कराडला कृष्णेच्या पाण्यात आणि हरिपूरला वारणेच्या पाण्यात मिसळतात. त्या दोघी त्या वेळी काय करत आहेत हे पाहावं लागतं. आणि पाऊस आलाच नाही तर? कोयनेच्या १,९६० मेगावॉटची, रब्बीच्या आवर्तनांची, उन्हाळ्यातल्या पिण्याच्या पाण्याची भिस्त त्याच साठ्यावर असते. भरलेलं धरण आणि रिकामं धरण, दोन्ही एकाच महिन्यात हवी असतात.

असा पेच सोडवायची एजंटची रीत साधी आहे आणि मला ती शहाणपणाची वाटते. पुढच्या तीन दिवसांची पूर्ण आखणी करायची : कुठल्या तासाला सांडव्याचे सहा वक्र दरवाजे किती फूट उचलायचे, पायथा वीजगृहातून किती सोडायचं. पण त्यातले पहिले काही तासच अमलात आणायचे. तेवढ्यात नवे आकडे येतात, चित्र बदलतं, आणि उरलेली आखणी रद्द करून पुन्हा पुढच्या तीन दिवसांची नवी आखणी होते. दूरवर बघायचं, पण बांधून घ्यायचं ते जवळच्या पावलापुरतं. अर्थात दरवाजा उचलायचा आदेश माणूसच देतो, आणि तो त्यानंच द्यावा. त्या आदेशाचा जाब विचारता येईल असं एक माणसाचं नाव खाली असलं पाहिजे.

त्यातही ही नदी एकट्या कोयनेची नाही. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा, तिकडे राधानगरी. प्रत्येकाचा आपला साठा, आपली निकड. राजापूर बंधारा ओलांडला की कर्नाटक, आणि तिथं अलमट्टी. आजची तिची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायचा वाद पेटलेला आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण मानलं नाही. सांगली-कोल्हापुरात अनेकांना तो निष्कर्ष अजून पटलेला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. एजंटसाठी अलमट्टी म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हे, तिथं विचार करणारी दुसरी माणसं आहेत. ती उद्या किती सोडतील हे त्यांच्या अंदाजावर ठरणार, आणि त्यांचा अंदाज आपल्या विसर्गावर. पाऊस आपलं मॉडेल वाचत नाही. शेजारचा अभियंता वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. असा भोवताल ओळखणं सगळ्यांत कठीण. अलीकडे दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात संपर्कात असतात ही चांगली गोष्ट आहे. पण मला वाटतं, महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंत एकच मॉडेल, दोघांच्याही डोळ्यांसमोर, त्याच क्षणाच्या आकड्यांसह चालावं. एकमेकांचे बेत ओळखण्यात जाणारी बुद्धी मग पाणी ओळखण्यात लागेल.

समीकरणं न शिकवता निव्वळ नोंदींवरून शिकणारी मॉडेलंही आता आली आहेत. मार्च २०२४ मध्ये गुगलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की जगभरातल्या पाच हजारांहून अधिक मापकांवर शिकवलेलं एक मॉडेल, जिथं मापकच नाहीत अशा नद्यांच्याही पुराचा अंदाज देऊ शकतं. दूरच्या खंडातल्या नदीकडून शिकलेला धडा येरळेला लागू पडतो, ही कल्पनाच थरारून टाकते. तरी मी त्याच्या एकट्याच्या हवाली सांगली करणार नाही. नोंदींत जे दिवस क्वचितच आले तेच दिवस आपल्याला बुडवतात. समीकरणांवर चालणाऱ्या मॉडेलला निदान शून्यातून पाणी काढता येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालावीत आणि एकमेकांना खोडून काढावीत.

पावसाच्या बाजूनंही नजर तीक्ष्ण होते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. त्याच संस्थेत घडलेलं आणि मे २०२५ मध्ये रुजू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टम देशभर सहा किलोमीटरच्या चौकटींत पाऊस पाहतं. पण सह्याद्रीचा कडा सहा किलोमीटरच्या आत कोकणात उतरतो, हे लक्षात ठेवायला हवं.

आता उरतो तो शेवटचा टप्पा, म्हणजे हे सगळं घरापर्यंत कसं पोचतं. एजंटच्या पोटात अनेक कृष्णा असतात, आणि त्यातून बाहेर मात्र एकच आकडा येतो, "उद्या ४५ फूट". मला तिथं पूर्ण वाक्य हवं : उद्या रात्री दहाला ४३ ते ४६ फूट, ४५ ओलांडण्याची शक्यता दहात चार, पुढचा अंदाज तीन तासांनी. कारण ऐकणारे सारखे नसतात. गणपती पेठेत हळदीची पोती असलेल्या व्यापाऱ्यानं दहात दोनलाच ट्रक बोलवावा, भिजलेला माल परत येत नाही. भिलवडीच्या गोठ्यातल्या म्हशी दहात तीनला उजेडात हलवलेल्या बऱ्या. घरात बाळंतीण असेल तर दहात एकलाही निघावं. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या धडधाकट कुटुंबाला दहात सातपर्यंत थांबून, तोवर खालच्यांचं सामान वर चढवायला हात देता येईल.